न येणाऱ्या मुलांची नोंद

प्रश्न: पत्रलेखिका पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, खासगी संस्थेच्या शाळेत समुपदेशक आहेत. मानसशास्त्रात एम.ए., नोकरीचं दुसरं वर्ष, अकरा महिन्यांचा करार आणि मानधनावर काम. पाचवी ते दहावी मिळून १,४०० मुलं आणि समुपदेशक एकटीच. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या बैठकीसाठी संस्थेच्या सचिवांनी ‘किती केसेस झाल्या, त्यातल्या किती बऱ्या झाल्या’ असा तक्ता मागितला आहे. शिवाय ‘दहावीचा निकाल पाच टक्क्यांनी वर’ हे पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट परस्पर समुपदेशन विभागाच्या नावावर टाकलं आहे. मुलांनी विश्वासाने सांगितलेलं अहवालातून बाहेर फुटेल, ही त्यांची सर्वात मोठी धास्ती. त्या लिहितात, “मुलाच्या मनाचं काय टक्केवारीत सांगणार? एक सहकारी म्हणाली, अंदाजे आकडे भर आणि सुटका करून घे. मला ते पटत नाही. पण ‘नाही’ म्हटलं तर करार पुढे चालू राहील याची खात्री नाही. मी काय करू?”

उत्तर:

‘किती बऱ्या झाल्या’ वाचून तुमचा जीव का चडफडला ते कळतं. पण घटकाभर सचिवांच्या खुर्चीत बसून बघा. तुमचं पद अनुदानित नाही, म्हणजे तुमचं मानधन संस्था स्वतःच्या खिशातून देते. कार्यकारिणीत कुणीतरी विचारणारच, “त्या बाई नेमक्या करतात काय?” या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही, म्हणून ते तुम्हाला विचारताहेत. हिशेब मागितला यात गैर काही नाही. गडबड आहे ती कशाचा हिशेब मागितला यात. आणि योग्य हिशेब कोणता हे त्यांना सांगू शकेल असं त्या संस्थेत तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही.

तुमचं म्हणणं, मन मोजता येत नाही. मान्य. ते मोजूच नका. पण तुमच्या खोलीत कोण आलं, कुठल्या तुकडीतून आलं, स्वतःहून आलं की कुणी पाठवलं आणि पुढे काय झालं, हे सगळं मोजता येतं. गेल्या वर्षीची तुमची वही काढा आणि एवढंच बघा: आलेल्या मुलांपैकी आपल्या पायांनी आलेली किती, वर्गशिक्षकांनी धाडलेली किती, पालकांनी आणलेली किती? मुलगे किती, मुली किती? याचं उत्तर तोंडपाठ असलेली समुपदेशक मला क्वचितच भेटते.

माझ्या ओळखीच्या एका शाळेत अशी मोजणी झाली तेव्हा कळलं की जवळजवळ सगळी मुलं शिक्षकांनी पाठवलेली, बहुतेक सातवी-आठवीचे मुलगे, आणि कारण बहुधा ‘वर्गात दंगा’. नववी-दहावीच्या मुली जवळपास नव्हत्याच. तिथल्या मॅडम हुशार होत्या, मुलांना आवडायच्या. मग मुली का नाहीत? खोलीचं दार ऑफिससमोर होतं. मधल्या सुट्टीत तिथे फीची रांग, दाखल्यासाठी आलेले पालक, बाकावर कुणाचे तरी मामा. अशा ठिकाणी गावातली कुठली मुलगी ‘कौन्सिलर मॅडम’च्या दारावर टकटक करणार? संध्याकाळपर्यंत घरी बातमी. त्यांनी आठवड्यातले दोन दिवस मधल्या सुट्टीत ग्रंथालयातल्या मागच्या टेबलाशी बसायला सुरुवात केली. पुस्तक बदलायला म्हणून मुली येऊ लागल्या. हा बदल सुचला तो वहीतल्या एका रिकाम्या रकान्यामुळे.

मला तुम्हाला खरं सांगायचंय ते हेच. समुपदेशकाला समोर बसलेलं मूल दिसतं. न आलेलं दिसत नाही. दंगेखोर मुलाला कुणीतरी धाडतंच. शेवटून दुसऱ्या बाकावरची, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली मुलगी मात्र वर्षभर कुणाच्याच नजरेला पडत नाही. १,४०० मुलांना एकेक करून भेटणं तुम्हाला शक्य नाही. अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना २५० मुलांमागे एक समुपदेशक असावा असं सांगते, आणि तिथल्याही बहुतेक राज्यांना ते जमलेलं नाही. तेव्हा आधी कुणाला शोधायचं हे ठरवायला आकडे हवेत. सचिवांना दाखवणं हा त्यांचा नंतरचा उपयोग.

सुरुवात कॅटलॉगपासून, म्हणजे वर्गाच्या हजेरीपटापासून करा. नवी चाचणी नको, विकतचं सॉफ्टवेअर नको. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे. त्यातले एक दशांश म्हणजे २२ दिवस, महिन्याला जेमतेम दोन-अडीच. एवढी गैरहजेरी कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती सलग नसते. वर्गशिक्षिका रोज आजचा रकाना भरते. मुलाची ओळ आडवी वाचायची वेळ तिच्यावर येत नाही. तुम्ही ती आडवी वाचा. एक पट्टी घ्या, आठवीची एकच तुकडी घ्या, जून ते सप्टेंबरची पानं उघडा आणि प्रत्येक नावाखाली पट्टी सरकवत ‘गै’ मोजा. एका तुकडीला साधारण एक ऑफ तास लागतो. दहापैकी एकाहून जास्त दिवस बुडालेली नावं बाजूला लिहा आणि मग त्यांचे वार बघा.

गंमत पुढे आहे. कुणाची गैरहजेरी दर मंगळवारी निघेल, आणि मंगळवार हा गावच्या आठवडी बाजाराचा दिवस असेल. म्हणजे पोरगं भाजीच्या पालावर बसतंय. कुणाची घटक चाचणीच्या दिवसांत. एखाद्या वर्गातल्या पाच-सहा मुलींची दर महिन्याला दोन-तीन दिवस, सलग. अशा वेळी चर्चासत्र घेण्याआधी मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन या. आतून कडी लागते का? नळाला दुपारनंतर पाणी असतं का? वापरलेलं पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का? यातलं एखादं नसेल तर त्या मुलींना समुपदेशनाची नव्हे, सुताराची आणि प्लंबरची गरज आहे, आणि ते मिळवून देणं हेही तुमचंच काम आहे. मुलांच्या अडचणीचं मूळ दर वेळी मुलांच्या मनातच असतं हे आपण, मानसशास्त्र शिकलेली मंडळी, जरा जास्तच गृहीत धरतो.

एक सावधगिरी. ऑगस्ट-सप्टेंबरची तुलना जूनशी करू नका. गणपती असतात, सोयाबीन काढणीला आलेलं असतं, घरात माणूस कमी पडतं. यंदाच्या सप्टेंबरची तुलना गेल्या वर्षीच्या सप्टेंबरशीच करा. जुने कॅटलॉग ऑफिसच्या कपाटात असतात आणि क्लार्ककाकांशी तुमचं बरं असेल तर ते लगेच मिळतात.

आता उद्दिष्टाकडे. ‘विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य सुधारणे’ असं लिहू नका; ते कधी पूर्ण झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. दहावीच्या निकालाचं ओझंही घेऊ नका. निकाल शिक्षकांच्या रिक्त जागांपासून पेपरच्या काठिण्यापर्यंत दहा गोष्टींवर ठरतो. शिवाय तो वाढवण्याची एक आडवाट सगळ्यांना ठाऊक आहे: कच्च्या मुलांना नववीतच बसवायचं, नाहीतर बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरायला लावायचा. शाळेचा टक्का वर जातो आणि पोरं रस्त्यावर येतात. तुमच्या विभागाच्या नावावर तो टक्का लिहिला गेला की उद्या त्या मुलांना ‘समजावून सांगण्याचं’ काम तुमच्याकडेच येईल. सचिवांना हे सरळ सांगा, पण हात हलवत जाऊ नका. त्या जागी दुसरं काहीतरी ठेवा.

समजा, आठवीच्या चार तुकड्यांत अशी सततच्या गैरहजेरीची ३० मुलं निघाली. तर उद्दिष्ट असं लिहा: ‘या ३० पैकी निदान १२ मुलांची डिसेंबर ते मार्चमधली गैरहजेरी दहा टक्क्यांच्या आत आणणे.’ कोण, किती, कधीपर्यंत, कशावरून कळणार, हे चारही त्यात आलं. त्याखाली तुम्ही काय करणार ते लिहा: प्रत्येक मुलाशी एक बैठक, पालकांना फोन किंवा घरभेट, बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत तरी शाळेत बसवायची तडजोड, वर्गशिक्षिकेशी पंधरवड्याला दहा मिनिटं. वर्षाला असं एकच उद्दिष्ट घ्या, फार तर दोन. नव्या समुपदेशकांच्या आराखड्यात सात-आठ उद्दिष्टं दिसली की मला कळतं, फेब्रुवारीत यातलं एकही उरलेलं नसणार.

निकाल वाचताना मात्र स्वतःशी कडक राहा. सर्वात वाईट हजेरीची मुलं निवडली की त्यातली काही पुढच्या सत्रात तुम्ही काही न करताही सुधारतात. आजारपण संपतं, घरातलं लग्न उरकतं. म्हणून जिथे तुम्ही या वर्षी काही केलं नाही अशा एखाद्या इयत्तेतल्या तशाच मुलांची हजेरीही शेजारी मांडा. दोन्हीकडे सारखीच सुधारली असेल तर श्रेय घेऊ नका. सातच मुलं सुधारली तर ‘बारा ठरवली होती, सात झाली, उरलेल्यांपैकी तिघांची घरची अडचण शाळेच्या आवाक्याबाहेरची आहे’ असं लिहा. अशा वाक्यावर सचिवांचा जेवढा विश्वास बसेल तेवढा शंभर टक्क्यांवर बसणार नाही. तेही व्यवहारातलेच गृहस्थ असणार.

काही आकडे वाढले तर ती चांगली खूण असते, हे बैठकीत आधीच सांगून ठेवा. छळवणुकीबद्दल वर्गात बोललात की पुढच्या दोन महिन्यांत तक्रारी वाढतात. पोरं अचानक वाईट झालेली नसतात. बोलायची सोय झालेली असते. हे आधी सांगितलं नाही तर मार्चमध्ये कुणीतरी बोट दाखवणारच, “मॅडम आल्यापासून तक्रारी दुप्पट झाल्या.”

वर्गात घेतलेल्या सत्रांचं काय? ‘१२ सत्रं, ४८० विद्यार्थी’ एवढं लिहिलं तर तुम्ही काम केलंत हे कळतं, मुलांच्या पदरात काय पडलं ते कळत नाही. सत्राआधी आणि महिन्या-दीड महिन्यानंतर तेच तीन-चार प्रश्न, बिननावाच्या चिठ्ठीवर विचारा. माझा आवडता प्रश्न: ‘काही त्रास झाला तर या शाळेत ज्यांना सांगता येईल असं एखादं मोठं माणूस आहे का?’ हो किंवा नाही. हे प्रमाण वर सरकलं तर काहीतरी हललंय. एक पथ्य पाळा. ज्याच्या उत्तरावर तुम्हाला काही करता येणार नाही असा प्रश्न विचारू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का’ हे बिननावाच्या चिठ्ठीवर विचारलं आणि तीन ‘हो’ आले, तर ती तीन मुलं कुठली? तुम्हाला कळणार नाही आणि झोपही लागणार नाही. तो प्रश्न समोरासमोर, बंद दाराआड विचारायचा असतो, आणि उत्तर ‘हो’ आलं तर पुढचं पाऊल तयार ठेवून: पालक, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचे मानसोपचारतज्ज्ञ, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक.

सचिव कदाचित म्हणतील, “यापेक्षा शिक्षकांनाच एक ट्रेनिंग देऊ.” त्यासाठी एक माहिती जवळ असू द्या. गोव्याच्या ‘संगत’ संस्थेने बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत एकच कार्यक्रम खास नेमलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी चालवला, काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकांनी, आणि काही शाळांत तो नव्हताच. समुपदेशक होते तिथे शाळेचं वातावरण मुलांच्या सांगण्यानुसार स्पष्ट सुधारलं, छळवणूक आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांकडे सोपवलं तिथे फरक पडला नाही. यात शिक्षकांना कमी लेखायचं कारण नाही. निवडणुकीपासून खिचडीपर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात असतं. आणि त्या कार्यक्रमात बंद खोलीतलं बोलणं हा एक भाग होता. भित्तिपत्रक, स्पर्धा, मुलांनी तक्रार टाकायची पेटी, शाळेची आरोग्य समिती हेही होतं. तक्रारपेटी तुम्ही याच महिन्यात लावू शकता. फक्त किल्ली तुमच्याकडे हवी, आणि पेटी सीसीटीव्हीखाली नको.

आता गोपनीयता, ज्याची तुम्हाला सर्वात जास्त धास्ती आहे. तुमच्याकडे दोन वेगळ्या वह्या हव्यात. एकीत मुलाचं नाव आणि बोलणं. ती कुलपात, ती कुणालाही दाखवायची नाही. दुसरीत फक्त क्रमांक, इयत्ता, कुणी पाठवलं, कारणाचा ढोबळ प्रकार, पुढे काय झालं. अहवाल हिच्यातून निघतो. ऑफिसच्या सामायिक गूगल शीटमध्ये यातलं काहीही टाकू नका. आणि आकडा पाचाहून लहान असेल तर तो तुकडीनिहाय देऊ नका. ‘नववी ब, मुली, स्वतःला इजा: १’ असं लिहिलंत तर नाव न लिहिताही स्टाफरूममध्ये नाव कळतं. ‘माध्यमिक विभाग’ एवढंच लिहा. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत मात्र गोपनीयतेचा आडोसा चालत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संस्थेची बदनामी होईल असं कुणी कितीही म्हणालं तरी. हे मुलांनाही पहिल्याच भेटीत सांगून ठेवा.

तुमची बाजू भक्कम करणारा एक कागद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असं त्यात आहे. मुलांची ओळख उघड न करता नोंदी ठेवाव्यात आणि किती उपक्रम झाले, किती मुलांना पुढे तज्ज्ञांकडे पाठवलं, किती प्रशिक्षणं झाली याचा वार्षिक अहवाल तयार करावा, असंही आहे. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, हेही. म्हणजे सचिवांना हवा असलेला तक्ता संस्थेला एरवीही करायचाच आहे, फक्त त्याचे रकाने वेगळे आहेत. ती पानं छापून न्या. ‘न्यायालयाने सांगितलंय’ असा दम मात्र भरू नका. ‘आपल्याला हे असं ठेवावं लागेल, मी नमुना करून आणलाय’ म्हणा.

सहकारी म्हणते तसे अंदाजे आकडे भरलेत तर पुढच्या वर्षी त्याहून मोठे भरावे लागतील, आणि आठवीतली ती ३० मुलं तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. एवढं बोलून तो विषय सोडते.

बैठकीला जाण्याआधी आणखी एक नोंद करा: दोन आठवडे, दर अर्ध्या तासाला, तुम्ही काय करत होतात. बदली तास, परीक्षेचं सुपरव्हिजन, स्नेहसंमेलनाचं निवेदन, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं लिहा. वर सांगितलेली अमेरिकी संघटना म्हणते की समुपदेशकाचा ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांसाठीच्या थेट किंवा त्याला लागून असलेल्या कामात जावा. तो तिथला मापदंड आहे. तुमचा निम्मा गेला तरी मी खूश होईन. तुमच्या पत्राच्या शेवटी आलेल्या ‘आज चार बदली तास होते’ या वाक्यावरून तेवढाही जात नसावा.

हे सगळं एका पानावर बसवा. वर वेळेची नोंद, मध्ये कोण येतं आणि कोण येत नाही, खाली एक उद्दिष्ट. आणि ते पान आधी मुख्याध्यापिकांना दाखवा. संस्थेच्या बैठकीत पहिल्यांदाच कानावर पडलेली गोष्ट कुठल्याही मुख्याध्यापिकेला आवडत नाही. चार दिवस आधी दाखवलेली गोष्ट त्या स्वतःच मांडतात, आणि मांडू द्यावी. सचिवांकडे मागायचं ते इतकंच: या सत्रापुरतं बदली तासांच्या यादीतून तुमचं नाव वगळावं. मार्चमध्ये त्या मोकळ्या झालेल्या तासांचा हिशेब द्यायची तयारी ठेवा, आणि तारीख तुम्हीच सुचवा.